शेखभाऊंच्या पोरी खोटं बोलत नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — शेखभाऊंना तर नाहीच. मग तुम्हालाच का? कदाचित गेल्या रविवारचा कैफ अजून उतरलेला नाही म्हणून.

काय कार्यक्रम झाला म्हणून सांगू! चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या खेळाडूंचा, मैदानं उभी करणाऱ्यांचा सत्कार. सभागृह गच्च भरलेलं. बल्लारपूरच्या पोरी रेल्वेनं आल्या, भद्रावतीचे ढोलवाले एसटीतून उतरले ते वाजवतच आत शिरले. सूत्रसंचालन माझ्याकडे. माईक हातात आला की मला आवरणं कठीण — एकेक नाव असं पुकारलं की टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत शेखभाऊ बसले होते, माझे खो-खोचे गुरू. बल्लारपूरला सायकल दुरुस्तीचं दुकान सांभाळून त्यांनी आम्हाला घडवलं. चार वाजले की शटर खाली, आणि हाताचं ग्रीस न धुताच माणूस मैदानावर.

त्यांचा एक नियम होता. पाठलाग करणारीचा हात लागला की आपणच हात वर करायचा आणि बाहेर व्हायचं. पंचांनी पाहिलेलं असो वा नसो, सराव असो वा फायनल. हळूहळू सगळ्या पंचांना हे ठाऊक झालं. शंका आली की ते सरळ आम्हालाच विचारायचे — आणि आम्ही सांगू ते धरायचे. केवढा मान होता तो! ताठ मानेनं फिरायचो आम्ही.

आता मूल गावचं मैदान. मी सतरा वर्षांची. विभागाच्या संघात एकच जागा उरलेली, आणि समोर धानोऱ्याकडच्या आश्रमशाळेच्या पोरी. त्यांच्यातली सुनीता — काय पळायची! जागा तिला मिळणार की मला, एवढाच प्रश्न होता. शेवटचं मिनिट. मी टिकले तर आम्ही जिंकणार. ती माझ्या मागे, मी खांबाला वळसा घातला, आणि तिनं खांब धरून अंग झोकून दिलं. आजही हे लिहिताना पाय शिवशिवतात! लोक उभे राहिले, शिट्ट्या, आरडाओरडा — आणि धुळीतून ती ओरडली, "लागला! माहा हात लागला!"

पंच पलीकडच्या बाजूला होते. त्यांना दिसलं नव्हतं. ते माझ्याकडे आले. का आले — तुम्हाला कळतंय ना?

"काय वं पोरी, हात लागला का तुले?"

"नाई," मी म्हणाले.

एवढंच. एका शब्दाला कितीसा वेळ लागतो? पंचांनी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. खोटी ओरड केली म्हणून सुनीताला सगळ्यांसमोर दरडावलं. मी विभागाकडून खेळले, पुढे राज्याकडून, मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. शेखभाऊंनी मला कधी काही विचारलं नाही. त्यांना गरजच वाटली नाही.

तर रविवारी यादीत शेवटचं नाव सुनीताचं. गावाबाहेरची झुडपं तोडून तिनं मैदान केलं, सागाचे खांब रोवले. तिच्या पोरी आज राज्याकडून खेळतात. मला खरंच आनंद झाला होता, नाव तर मी ओरडूनच घेतलं. तिनं स्वतःबद्दल लिहून पाठवलेला कागद आधी वाचायला सवड मिळाली नव्हती. तो थेट माईकवरच वाचायला लागले.

"मूलच्या सामन्यात मी खोटी ओरड केली होती. मला वाटलं, हात लागला. पण समोर शेखभाऊंची पोरगी होती, आणि त्या खोटं बोलत नाहीत. माझ्याच बोटांना भास झाला असेल. त्या दिवसाची लाज मी विसरले नाही. म्हणून माझ्या पोरींना पहिल्याच दिवशी मी माझी ही चूक सांगते."

वाचलं. शेवटपर्यंत वाचलं — आवाज कापला, लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. ढोल वाजायला लागले. सुनीता वर आली, मला मिठी मारली आणि आपल्या पोरींना हाक दिली, "या वं, ह्याच त्या ताई!" पोरी रांगेनं माझ्या पाया पडल्या. मी — पडू दिलं. खाली शेखभाऊ उभे राहून टाळ्या वाजवत होते. माईक माझ्याच हातात होता, आणि तो चालू होता.

सुनीताच्या बोटांना भास झाला नव्हता. उजव्या खांद्याखाली, घामानं भिजलेल्या बनियनवर, दोन बोटं — स्वच्छ लागली होती. पंचांनी विचारलं तेव्हा सवयीनं माझा हात अर्धा वर गेलाही होता. तो मी कपाळावरचे केस मागे सारायला नेला.