रिकामी पिकअप आणि मागाची रबरं

"नवा पंप घालू नका आक्का. संध्याकाळी गाडी न्यायला भंगारवाला येतोय," संतोष मला म्हणाला.

त्याचे वडील, आप्पा, पिकअपच्या दारावर हात ठेवून उभे होते. वडगावात त्यांचे माग आहेत. साड्यांचे गठ्ठे भरून इचलकरंजीला जायचं आणि रिकामं परत यायचं, हे कित्येक वर्षं याच गाडीतून चाललेलं. आज परतताना ती कोगनोळीला पुन्हा बंद पडली. ओढून माझ्या निपाणीच्या गॅरेजमध्ये आणली.

गाडी बघण्यासारखी होती. सीट बसची, आरसा मोटारसायकलचा. मूळ टाकी गळायला लागल्यावर आप्पांनी मागच्या हौद्यात दुसरी टाकी बसवलेली, आणि डिझेल ओढायला शेजारी इलेक्ट्रिक पंप. तो थांबला की इंजिन थांबणार. मी पंप काढून थेट बॅटरीवर लावला. व्यवस्थित चालला.

"माल भरलेला असताना कधी बंद पडली?" मी आप्पांना विचारलं.

"कवाच न्हाय. येतानाच नखरं."

"तिलाबी घरी यायचा कंटाळा आलाय," संतोष म्हणाला.

"तुझ्यापेक्षा येळेवर येतीया," आप्पा म्हणाले.

पंप जागेवर बसवला, चावी फिरवली. आवाज नाही.

"संतोष, हौद्यात चढ बघू."

तो चढला. पंप घुमायला लागला. तो उतरला, पंप बंद. मी गाडीखाली शिरले. हौदा आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये जाड रबराचे तुकडे होते. बोल्टांनाही ट्यूब गुंडाळलेली.

"हे काय, आप्पा?"

"मागाची जुनी रबरं. हौदा लई आदळायचा. दिवसभर मागाचा खडखडाट, गाडीत तरी नको म्हटलं."

बॅटरीतून निघालेली वीज पुन्हा बॅटरीकडे यावी लागते. गाडीत परतीची वायर सहसा नसते, लोखंडी सांगाडाच ती वाट असतो. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. पंपाचा अर्थ हौद्याला होता आणि हौदा रबरावर. वजन पडलं की तो दबून चासीला टेकायचा. रिकामा असला की सुटायचा.

हौद्यापासून चासीपर्यंत वीतभर वायर जोडली. मग आम्ही तिघं रिकाम्या गाडीतून कोगनोळीपर्यंत जाऊन आलो. आप्पा चालवत होते. कुठेच थांबली नाही.

"रबरं काढू व्हय?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"राहू देत. काम चांगलं केलंय."

संतोषनं बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

मालकानं घरीच दुरुस्त केलेली गाडी आली की आता मी काय बिघडलंय ते नंतर विचारते. आधी काय काय सुधारलंय ते विचारते.