खव्याच्या पाट्या
आंबलेल्या खव्याचा वास आला की मला कल्याण स्टेशनचं पार्सल ऑफिस आठवतं. अन्नभेसळीचा कायदा तेव्हा नवा होता आणि मी निरीक्षक होतो. मध्य प्रदेशातून आलेल्या पाट्या उघडल्या, तर वर ताज्या खव्याचा थर आणि खाली हिरवी बुरशी. माल सोडवायला आलेल्या हलवायाला मी विचारलं, "पाठवणारा कोण?" तो बराच वेळ उपरण्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "माझा सख्खा थोरला भाऊ, साहेब. नाव लिहून घ्या. हे लहान पोरं खातात." कोर्टातही त्याने तेच सांगितलं. भावाला शिक्षा झाली, तेव्हा घरचा डबा घेऊन हाच बाहेर उभा होता. भावाने तोंड फिरवलं, तरी तो डबा पुढे धरून राहिला. कायदा मी पुष्कळ वर्षं राबवला. स्वतःच्या माणसांपुढे मात्र एवढं धैर्य मला कधी झालं नाही.