बाबांना विचार, त्याला सांग

ट्रेक करून आलेल्या माणसांना चहाला बोलावू नये, असं जर्मनीतल्या आमच्या इंगोलश्टाटमध्ये आता सगळे म्हणतात. आम्ही हिमालयात जाऊन आलो त्याला बरेच महिने झाले. तरी शनिवारी वैशालीकडे जमलो की चिवड्यात हात घालत कोणीतरी म्हणतंच, "ते सॉक्सचं सांग ना." मग एकातून दुसरा किस्सा निघतो. जे आलेच नव्हते त्यांनाही आता सगळं पाठ झालंय. मी काही गाळलं तर तेच आठवण करून देतात.

आम्ही पाच जण गेलो होतो. वैशाली आणि तिचा नवरा शैलेश, मी आणि माझा नवरा अमोल, आणि अमोलचे वडील. शैलेश आणि अमोल इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. बाबा साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे, सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. ट्रेक उत्तराखंडातला. वाटेतल्या गावांमधून चढत जायचं, तंबूत राहायचं, एका खिंडीपर्यंत पोचायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं.

*

खरं तर बाबा येणार असं ठरलंच नव्हतं.

शैलेश आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसला होता. उरलाउब, म्हणजे रजा, कोणाला कधी मिळेल, तंबू तिथे भाड्यानं घ्यायचे का, असं चाललं होतं. बाबा बाल्कनीच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत. ते तिथे इतके गप्प बसायचे की पाहुणे कधीकधी त्यांना नमस्कार करायलाच विसरायचे. त्या दिवशी ते उठून टेबलापाशी आले, नकाशावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे सगळं मी आयुष्यभर फळ्यावर काढलंय. मलाही यायचंय."

अमोल माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबांना विचार, वय किती आहे."

बाबाही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला सांग, त्याच्यापेक्षा जास्त आहे."

*

मी त्यांना आमच्या हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ईसीजी झाला, रक्त तपासलं, जिने चढायला लावले. सगळं ठीक निघालं. डॉक्टर मूळचे इथले, बायर्न प्रांतातलेच, डोंगरांवर जीव असलेले. त्यांनी मला विचारलं, "आल्प्स इथून दोन तासांवर आहेत. आजोबांना एवढ्या लांब कशाला जायचंय?"

मी मराठीत विचारलं. बाबा शर्टाची बटणं लावत होते.

"सांग त्यांना, आल्प्समध्ये माझ्याशी बोलणार कोण?"

मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टर "गेनाऊ", म्हणजे अगदी खरं, असं म्हणाले, आणि निरोप घेताना त्यांनी बाबांचा हात हातात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

*

आता ते सॉक्सचं.

बाबा आणि अमोल एका तंबूत, शेजारच्या तंबूत मी आणि वैशाली, आणि शैलेश एकटा, कारण तो घोरतो. पहिल्याच मुक्कामावर सकाळी मी आणि वैशाली बाहेर चहा घेत उभ्या होतो. अमोलच्या तंबूची चेन बंद होती. आतून त्याचा आवाज आला, "मुग्धा, बाबांना विचार, माझे जाड सॉक्स कुठे ठेवलेत."

मी विचारलं, "बाबा, त्याचे जाड सॉक्स कुठे आहेत?"

आतून बाबांचा आवाज, "त्याला सांग, त्याच्या उशाशी आहेत."

"अमोल, तुझ्या उशाशी आहेत."

"मिळाले."

त्या तंबूत दोन माणसं जेमतेम मावत होती. कूस बदलली तर एकाचं कोपर दुसऱ्याला लागेल एवढीच जागा. वैशालीला हसू आवरेना, तिचा चहा सांडला. आमचा वाटाड्या बलबीर, चाळिशीचा शांत माणूस, त्याला मराठी येत नव्हतं. पण काय चाललंय ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो हसला नाही. त्यानं मला चहाचा दुसरा पेला भरून दिला.

*

सॉक्सच्या किश्श्यावर सगळे हसतात, आणि मग एखादा नवीन माणूस विचारतो, "पण ते सरळ एकमेकांशीच का नाही बोलले?" तेव्हा वैशाली आत जाऊन अजून चहा टाकते.

सासूबाई साताऱ्याला अचानक गेल्या. आदल्या दिवशी फोनवर माझ्याशी लोणच्याबद्दल बोलल्या होत्या. त्या सकाळी अमोल कामासाठी ड्रेस्डेनला होता. तिथून ट्रेन, मग विमान, मधलं विमान चुकलं. तो सारखा फोन करून सांगत होता, "थांबा, मी येतोय." बाबा थांबले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी अग्नी दिला. अमोल घरी पोचला तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या.

अमोलनं फक्त एवढंच विचारलं, "एक दिवस थांबता आलं नसतं?" बाबांनी उत्तर दिलं नाही. मग अमोलनंही काही केलं नाही. दहाव्याला भटजींनी त्याला मुंडणासाठी हाक मारली, तर तो म्हणाला, "मुलगा लागला नाही तेव्हा, आता कशाला लागतो?" आणि गच्चीवर जाऊन बसला. सगळं बाबांनीच केलं.

वर्षभरानं बाबांना इकडे आणायचं ठरलं तेव्हा व्हिसाची सगळी धावपळ अमोलनं केली. एअरपोर्टवर न्यायला तोच गेला. गाडीत बसल्यावर त्यानं मला स्पीकरवर फोन लावला आणि म्हणाला, "बाबांना विचार, ए. सी. बंद करू का."

*

वाटेत डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे आम्ही गोदांबरी दीदींच्या घराजवळ तंबू लावले. दीदी साठीच्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी आम्हाला चुलीपाशी बसवून मंडुव्याच्या भाकऱ्या वाढल्या. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. बाबांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि चावायचे थांबले. मग दीदींना म्हणाले, "ये तो हमारे घर की है." दीदींनी विचारलं, घर कुठे? बाबा म्हणाले, "सातारा." इंगोलश्टाट म्हणाले नाहीत.

ते जेवत राहिले. आमच्याकडे आल्यापासून त्यांना इतकं पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. सकाळी ब्रेड, संध्याकाळी जे असेल ते, आणि कधी काही मागितलं नाही.

अमोल हळूच मला म्हणाला, "त्यांना विचार, भाकरी एवढी आवडते तर घरी कधी बोलले का नाहीत?"

बाबांनी ते ऐकलं होतंच. चुलीकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, घरी कोणी विचारलं नाही."

दीदींना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी एक गरम भाकरी अर्धी मोडली. अर्धी बाबांच्या ताटात टाकली, अर्धी अमोलच्या.

*

हा पुढचा वैशालीनं सांगायचा किस्सा, पण तिला तो पुरा करता येत नाही.

गावाच्या वर एक ओढा होता आणि त्यावर जुना, कडक झालेला बर्फ साचून पूल झाला होता. बलबीर एकेकाला पलीकडे नेत होता. अमोल आणि शैलेश गेले. इकडे मी, वैशाली आणि बाबा. बाबांनी वाकून हातमोजा काढला आणि उघडा तळहात बर्फावर टेकवला. तसेच बसून राहिले.

वैशाली म्हणाली, "काका, हात गारठेल. काकू असत्या तर ओरडल्या असत्या."

"तिला थंडी अजिबात सोसायची नाही," बाबा म्हणाले. "मे महिन्यात पाय दुलईत घ्यायची." मग म्हणाले, "हॉस्पिटलवाले म्हणाले, मुलगा येईपर्यंत शवागारात ठेवू. मी आत जाऊन बघून आलो. लोखंडी खण होते. एकानं उघडून दाखवला तर आतून वाफ आली, थंडीची. मी तिला त्यात कसा ठेवणार होतो?"

वैशालीनं तोंड फिरवलं. एवढे दिवस मी दोघांच्या मध्ये उभी होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

बाबांनी हातमोजा चढवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "त्याला सांग कधीतरी."

मी म्हणाले, "नाही बाबा. बाकी काहीही सांगेन. हे तुम्हीच सांगा."

मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बलबीर परत आला, आणि बाबा त्याचा हात धरून पलीकडे गेले.

*

आम्हा सगळ्यांना काळजी होती ती बाबांची. आजारी पडला अमोल.

तो रोज सकाळी डोनाउ नदीच्या काठानं पळणारा माणूस. खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर त्याचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. "थकवा आहे नुसता," तो म्हणत राहिला. उंची बाधली का ते बघायला बलबीरनं त्याला सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो झुकला आणि शैलेशनं धरला म्हणून पडला नाही.

बलबीर म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली. उतरलं की बरं वाटेल, दीदींच्या गावात आरोग्यसेविका आहे, सामान वाहायला आलेला त्याचा भाऊ सोबत येईल. मी सॅक भरायला घेतली.

"तू वर जा," बाबा म्हणाले. "मी उतरतो त्याच्याबरोबर."

अमोल दगडावर बसला होता, चेहरा पांढराफटक. "मुग्धा, त्यांना सांग, काही गरज नाहीये."

मी ऐकलं आणि सॅकची चेन लावत राहिले. वैशालीही बोलली नाही, शैलेशही नाही. मग बाबा अमोलच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ. बूट घाल."

अमोलनं वर बघितलं. मग बूट जवळ ओढले. नाडी काही केल्या बांधता येईना. बाबा खाली बसले आणि त्यांनी ती बांधली.

नवऱ्याला तशा अवस्थेत सोडून मी वर गेले, याबद्दल वैशाली मला अजून बोलते. मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. ते तिघं वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. बाबांचा हात अमोलच्या दंडाला होता.

*

शैलेशनं खिंडीवर पाच जणांचा फोटो काढायचा म्हणून जर्मनीहून ट्रायपॉड वाहून आणला होता. वर पोचल्यावर त्यानं तो मांडला, टायमर लावला आणि सवयीनं म्हणाला, "काका, तुम्ही मध्ये या."

त्या फोटोत आम्ही तिघंच आहोत आणि मधे जागा सुटलेली आहे. शैलेशनं तो कुठे टाकलेला नाही. विचारलं तर म्हणतो, "ऑल्झो, म्हणजे, प्रकाश चांगला नव्हता."

*

शेवटचा किस्सा आम्ही शनिवारी सांगत नाही, कारण शनिवारी ते दोघंही तिथे असतात.

खिंडीवरून आम्ही दीदींच्या गावात उतरलो. मी सगळ्यांच्या पुढे होते, जवळजवळ पळतच. वाटेत बलबीरच्या फोनवर निरोप आला होता की अमोल बरा आहे, चालतोय, जेवतोय. पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. दीदी छपरावर राजमा वाळत घालत होत्या. मी खालूनच विचारलं, "दीदी, वो लोग?"

त्यांनी हातानं खालची बाजू दाखवली. "धारे पर हैं. दोनों."

धारा म्हणजे गावाचं पाणी. डोंगरातून येणारा झरा दगडी पन्हाळीतून पडतो, तिथे सगळं गाव आंघोळीला येतं. पायऱ्या उतरून मी कोपऱ्यावर आले आणि थांबले.

अमोल पन्हाळीजवळच्या दगडावर बसला होता, उघडा, खांद्यावर टॉवेल. त्याच्या डोक्यावर जवळजवळ एकही केस उरला नव्हता. त्याचे ते दाट, कुरळे केस त्याच्या पायांभोवती पडले होते, आणि पाण्याबरोबर थोडे थोडे वाहून जात होते. बाबा त्याच्या मागे उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात कोणाकडून तरी मागून आणलेला वस्तरा. त्यांनी तो कठड्यावर ठेवला, ओंजळीत पाणी घेतलं, आणि ते जरा वेळ हातातच धरून ठेवून मग त्याच्या डोक्यावर सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं.

दोघांनीही मला पाहिलं नव्हतं. मागून वैशाली आणि शैलेश आले. मी हात आडवा केला, तेही थांबले.

अमोलनं डोळे मिटलेलेच होते. त्यानं डावा हात वर नेला, डोकं चाचपलं आणि म्हणाला, "बाबा, कानामागे थोडं राहिलंय."

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. "मान खाली कर."