दाऊदभाई, पॉपर आणि माझं खोटं

त्या शुक्रवारी मी अलार्म बंद केला आणि कूस बदलली. दाऊदभाई एकटे समुद्रावर गेले आणि बुडाले.

आज त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी मी त्यांचा फोटो टाकतो, तुम्ही हात जोडता. या वर्षी फोटो नाही.

दाऊदभाई दापोलीकडचे. सौदीत जेद्दाच्या उत्तरेला नवीन शहर उभं राहत होतं, तिथे बंदराच्या कामावर आमची कंपनी होती. ते स्टोअरकीपर, मी एचआरमध्ये.

वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मला "देसाई" म्हणायचे. रागावले की "देसाईसाहेब".

मासेमारी त्यांनीच शिकवली. जाळं नाही, आमिष नाही. फक्त रॉड आणि पॉपर.

पॉपर म्हणजे लाकडाचा रंगवलेला खोटा मासा. तोंड पुढून खोलगट. पाण्यावर तरंगतो. रॉडला झटका दिला की तोंडाने पाणी ढकलतो आणि आवाज येतो. गळुप्प.

खालच्या मोठ्या माशाला वाटतं, वर कोणीतरी जखमी होऊन धडपडतंय.

तिथे किनाऱ्यापासून बरंच आत गुडघाभर पाणी. पायाखाली प्रवाळ. मग एकदम कडा, आणि पलीकडे काळंनिळं खोल. त्या कड्याजवळ उभं राहून पॉपर पलीकडे फेकायचा.

पहिल्यांदा माझ्या पॉपरवर ट्रेवली हा मोठा मासा आला तेव्हा पाणी फुटल्यासारखं उसळलं. मी घाबरून हिसका दिला. पॉपर हवेत, मासा गायब.

"दिसला म्हणून ओढायचं नाय रे," ते हसत म्हणाले. "वजन हाताला लागू दे. मग ओढ."

आणि एक नियम. कड्यावर एकट्याने जायचं नाही. कधीच नाही.

त्या वर्षी सौदीकरणाचा जोर होता. स्थानिक लोकांची टक्केवारी भरली नाही तर कंपनीला नवे व्हिसा बंद. मॅनेजरने मला बोलावलं.

"कामावरून कमी करायला तीन नावं हवीत. दोन ठरली आहेत. तिसरं तू दे. नाहीतर तुझंच आहे."

माझी मुलगी तेव्हा जेद्दात दुसरीत होती.

मी दाऊदभाईंचं नाव लिहिलं.

त्याच आठवड्यात आम्ही कड्यावर उभे होतो. पॉपर ओढता ओढता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,
"लिस्ट झाली काय रे?"

"नाही अजून."

लिस्ट गाडीत होती. माझ्या बॅगेत.

बुधवारी त्यांना नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. खाली सही माझी. ते माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलतील.

"शुक्रवारी येतोस ना?" एवढंच.

"येतो."

शुक्रवारी पहाटे त्यांचा मिस्ड कॉल होता. मी जागा होतो. फोनचा उजेड छतावर पडला होता तो आठवतो. मी उचलला नाही. काय तोंड दाखवणार होतो?

पाय घसरला की छातीत कळ आली, कोणालाच कळलं नाही. तटरक्षकांना पाण्यावर केशरी पॉपर हलताना दिसला. तो बुडत नाही ना. दोरा धरून ते खाली गेले, तर दुसऱ्या टोकाला दाऊदभाई होते.

दाऊदभाईंच्या बायकोला, भाभींना, फोन मलाच करावा लागला. कंपनीत मराठी येणारा मीच.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात ना, देसाईभाऊ? ते म्हणाले होते, देसाई येणार आहे म्हणून."

मी म्हणालो, "हो भाभी. मी होतो."

"काय बोलले शेवटचं?"

मी त्यांच्या मुलीबद्दल, समीनाबद्दल, एक वाक्य बनवलं. तिथल्या तिथे. काय ते इथे लिहीत नाही.

दफन तिकडेच झालं. फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं घरी पाठवण्याचा, कागद रद्द करून मृत्यूचे कागद मीच केले. त्याच फाइलमध्ये. कंपनीने तिसरं नाव भरलं असं धरलं. मी आणखी चार वर्षं राहिलो.

पुढे समीनाचं लग्न झालं. मी गेलो होतो. भाभींनी पाहुण्यांसमोर ते वाक्य सांगितलं. "हे तिच्या अब्बांचे शेवटचे शब्द," म्हणाल्या. समीना माझ्याकडे बघून रडली. बायका माझ्या ताटात आणखी बिर्याणी वाढत होत्या.

तेव्हापासून मला तो आवाज येतो. पुण्यात, घरात. बादलीत प्लास्टिकचा मग पालथा पडला तरी. गळुप्प. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

गेल्या आठवड्यात भाभींना फोन केला. सगळं सांगितलं. लिस्ट, सही, मिस्ड कॉल. आणि मी तिथे नव्हतो हे.



"म्हणजे ते एकटेच होते," त्या म्हणाल्या.

"हो भाभी."

"आणि समीनाचं ते?"

"ते मी बनवलं होतं."

मग म्हणाल्या, "लिस्टचं त्यांनी मला बुधवारीच सांगितलं होतं. तुम्हाला शिव्या दिल्या चिक्कार. मग म्हणाले, शुक्रवारी त्यालाच विचारतो."

मग त्यांनीच बजावलं,

"समीनाला मी सांगते. तुम्ही नको. तोवर कुठे लिहू नका."

आज सकाळी त्यांचा मेसेज आला.

"सांगितलं. ती जेवली नाही. आता लिहा."

दाऊदभाई, तुम्ही विचारणार होतात. मी आलो नाही.

तुमच्या आठवणीला सलाम. माझ्यासाठी कोणी हात जोडू नका.