रेषांचं चक्र

नवरा जाऊन दीड महिना झाला होता. फ्लॅट माझ्या नावावर करायचा सोसायटीचा फॉर्म दुसऱ्यांदा परत आला, कारण मृत्यूच्या दाखल्यावरचा नंबर लिहिताना मी आठाचा तीन केला होता. माझी मोठी नणंद तेव्हा भांडुपला आमच्याकडेच राहत होती. तिने फॉर्म पाहिला आणि ती मला मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तिथे मी काही बोलायच्या आत तिनेच सांगून टाकलं, की रडून रडून हिचे डोळे खराब झालेत.

डॉक्टरबाईंनी भिंतीवर रेषांचं एक चक्र दाखवलं. कुठल्या रेषा जास्त काळ्या दिसतात, म्हणून विचारलं. मी म्हटलं, उभ्या. आडव्या पुसट आहेत.

"सगळ्या सारख्याच काळ्या आहेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. माझा एका बाजूने जास्त वाकलेला, अंड्यासारखा. त्यामुळे उजेड एका जागी जुळत नाही, अक्षराला सावली येते. बहुतेक लहानपणापासून असणार. रडण्याचा याच्याशी संबंध नाही.

म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांना लांब किरणं फुटलेली सगळ्यांनाच दिसत नव्हती. मला आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परतताना रिक्षात मी नणंदेला म्हटलं, "ताई, मी एकदाही रडले नाहीये."

"मला माहितीये गं," ती म्हणाली. "बारा दिवस तुझ्या शेजारी झोपत होते मी."

"मग तिथे असं का सांगितलंत?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं."

चष्मा आठवड्याने आला. फॉर्म मी तिसऱ्यांदा भरला, तो घेतला गेला. नव्या चष्म्यातून पहिले चार दिवस फरशी एका बाजूला कललेली दिसायची. जिना उतरताना मी भिंत धरायचे. मग पाचव्या दिवशी सकाळी फरशी सरळ झाली.

त्या सकाळी नणंद समोर भाजी निवडत बसली होती. तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या, डोळ्यांखालची कातडी लाल, सोललेली. भाऊ गेला होता तिचा. इतके दिवस ती रोज रडत असणार, याच घरात. मी जवळ जाऊन बसले. तिच्यापुढची अर्धी मेथी माझ्याकडे ओढून घेतली आणि निवडू लागले.