माईकवर मी केलेलं कौतुक

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती समजते.

पोंभुर्ण्याकडच्या गावांत कबड्डीचे सामने असले की समालोचनाला मलाच बोलावतात. पेशानं मी मास्तर, पण माईक हाती आला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. खेळाडू मोबाईल काढून ठेवतात, म्हणून त्यांच्या घरचे निरोप माझ्या फोनवर येतात. सामन्यांच्या पत्रकावर संपर्काचा नंबरच माझा असतो. कुणाचं पोर हरवलं, कुणाची गाय सुटली — सगळं मीच पुकारतो. लोकांचा तेवढा विश्वास असतो. आणि त्या विश्वासाचं मी काय केलं —

त्या दुपारी अंतिम सामना होता. आमच्याच गावाचा संघ, चढाईला दिनेश, माझा जुना विद्यार्थी. गुण बरोबरीत. तेवढ्यात फोन आला. त्याची बहीण रडत होती.

"सर, मायचं काई खरं नाई. दादाले लवकर पाठवा, त्याचंच नाव घेऊन राह्यली."

"पाठवतो," मी म्हणालो.

नाही पाठवलं. का? गाव जिंकावं म्हणून? हो, तेही होतं. पण खरं सांगू? मला माईक खाली ठेववत नव्हता. अख्खं मैदान माझ्या शब्दांवर डोलत होतं.

आम्ही जिंकलो. मग मात्र तो फोन आठवला — निरोप दिला का, असं बहीण विचारेल, तिला काय सांगू? आणि मी माईकवर बोलून गेलो. "मंडळी, आई अखेरच्या घटका मोजतेय हे कळूनही हा वाघ मैदान सोडून गेला नाही! याला म्हणतात काळीज!"

टाळ्या, शिट्ट्या. दिनेशला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. आपल्या आईचं त्याला तिथं, भोंग्यातून कळलं. त्याचा चेहरा मी पाहिला. तरी माझं तोंड थांबलं नाही — असा कसा मी?

तो पोचेपर्यंत माय गेली होती. बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "तुले कप पायजे होता, माय नाई." आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तो सांगत राहिला. पण साऱ्या गावानं ते माझ्या तोंडून ऐकलं होतं, त्याचं कोण ऐकणार? ती आजही माहेरी पाय ठेवत नाही. त्याच्या मुलीच्या बारशालाही आली नाही.

नंतर एकदा त्याच्याकडे गेलो, आज सांगायचंच असं ठरवून. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हणालो, "मी निरोप धाडला होता रे, गर्दीत कुणाच्या तरी हाती. मला वाटलं, तुला पोचला."

तो माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमी काऊन जीवाले लावून घेता, सर? तुमची काय चुकी?"

आणि आत जाऊन त्यानं चहा आणला. मी तो प्यायलो.