रविवारच्या जाहिरातीचा खर्च

माझे सासरे पनवेलच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्या फलाटाला लावायच्या, सोडायच्या आणि लाउडस्पीकरवरून घोषणा करायच्या, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही ते बोलायला लागले की समोरचा माणूस क्षणभर थबकायचा. हा आवाज कुठेतरी ऐकलाय, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. त्या आवाजाच्या आणि ओळखींच्या बळावर बाबांनी जुन्या पनवेलमध्ये, तळ्याच्या बाजूला, एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आणि घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला. विमानतळ येणार, येणार अशा बातम्यांचा तो काळ होता. चहाच्या टपरीवरही लोक स्क्वेअर फुटात बोलायचे.

मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा मीही गाळ्यावर बसू लागले. त्याआधी मी तळोज्याला एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे, त्यामुळे बाबांनी हिशेबाचं काम माझ्याकडे दिलं आणि सुटकेचा नि:श्वास टाकला. मला मात्र पहिल्याच महिन्यात एक गोष्ट खटकली. जाहिरातींवर किती खर्च करायचा, याला काही धरबंधच नव्हता. ओळखीच्या माणसाचा फ्लॅट असला की तो ओळीने तीन रविवार पेपरात झळकायचा. कुणी नवखा, संकोची मालक असला तर त्याच्या वाट्याला गाळ्याबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली एक ओळ यायची.

मी बाबांना म्हटलं, "प्रत्येक घर विकलं गेलं तर आपल्याला काय सुटेल ते आधी बघू. त्यातला ठरावीक हिस्सा त्याच घराच्या जाहिरातीला बाजूला काढू. तो संपला आणि गिऱ्हाईक नाही आलं, तर मालकाला बोलावून किमतीचं बोलायचं. नुसत्या जाहिराती वाढवत बसायचं नाही."

बाबा हसले. "म्हणजे तू प्रत्येक घराला खाऊचे पैसे बांधून देणार!"

पण त्यांना ते पटलं. खरी कुरबुर झाली ती पुढे. हा हिस्सा खर्च कुठे करायचा? घरांच्या जाहिराती घेणाऱ्या वेबसाइट तेव्हा नव्याने जम बसवत होत्या. वर्षाचे पैसे भरले की फोटोसकट घरं टाकता यायची, आणखी थोडे भरले की आपलं घर यादीत वर दिसायचं. माझा ओढा तिकडे. बाबांचा जीव रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातीत. "छापून आलं की माणूस खरं मानतो," ते म्हणायचे. "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर काय, आज आहे, उद्या नाही."

शेवटी आमची तडजोड झाली. पैसे निम्मे-निम्मे करायचे, निम्मे पेपरला, निम्मे वेबसाइटला. दिवाळीपर्यंत बघायचं आणि मग ज्याच्यामुळे गिऱ्हाईक आलं त्याच्या बाजूने कौल द्यायचा. पेपरातल्या जाहिरातीत गाळ्यावरच्या फोनचा नंबर असे. रविवारी मी घरी असायचे, बाबा सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर जाऊन बसायचे. वेबसाइटवर माझा मोबाइल नंबर होता.

पावसाळा संपेपर्यंत निकाल दिसायलाच लागला. वेबसाइटवर बघून माणसं यायची. कुणी मुंबईहून, कुणी थेट पुण्याहून. पेपर वाचून मात्र कुणीच येईना. रविवारी संध्याकाळी मी विचारायचे, "बाबा, फोन आले का?"

"आले की. बरेच आले."

"मग कोण येणार आहे घर बघायला?"

"बघतील, विचार करतील. लोकांना घाई नसते."

माझा नवरा रसायनीला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. त्याने जेवताना ऐकलं आणि म्हणाला, "पेपर बंद करून टाक. बाबांना थोडं वाईट वाटेल, पण पैसे तर पाण्यात जातायत." मलाही तसंच वाटत होतं. दिवाळीनंतर पेपरला रामराम करायचा, हे मी मनात पक्कं केलं होतं.

बाबांच्या खास ओळखीचे एक कामोठ्याचे काका होते. त्यांच्या शेतीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली होती आणि त्यातले काही फ्लॅट काकांच्या वाट्याला आले होते. त्यातला एक त्यांना विकायचा होता. पेपरच्या जाहिरातीतला मोठा वाटा याच फ्लॅटवर जात होता. एके दिवशी दुपारी ते घाम पुसत गाळ्यात आले.

"कंट्रोलर, आमी तुमच्या भरवशावर बसलोय," ते म्हणाले. "पोराला द्रोणागिरीला, बंदराच्या कामावर, कंटेनरचा ट्रेलर लावायचा हाय. पेपरात तर दर ऐतवारी येतंय, मंग गिऱ्हाईक कसं येत नाय?"

बाबा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. ते नेहमीच तसं बघायचे. मला वाटायचं, माणसाला मान द्यायची ही त्यांची पद्धत.

"बाजार थंड आहे," बाबा म्हणाले. "थोडा दम धरा."

काका माझ्याकडे वळले. "सूनबाय, तुमी तरी बगा काय ता."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा बँकेत गेले असताना एक बाई आपल्या भावाबरोबर आल्या. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या, बुरख्यातल्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांचे यजमान आखातात कामाला होते. कामोठ्यात मुलांसाठी क्लासेस चांगले, म्हणून त्यांना तिथे घर घ्यायचं होतं. कोणतं घर, विचारल्यावर त्यांनी काकांचाच फ्लॅट सांगितला.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्हाला या घराविषयी कुठून कळलं?"

"पेपरातून," त्या म्हणाल्या. "मी तीनदा फोन केला ताई. पण साहेबांना बहुतेक आम्हाला घर द्यायचं नाही."

असं बाबा करणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्यांना तसं का वाटलं असेल, हेही कळत होतं. मुसलमान म्हटल्यावर घर नाकारणारे मालक आमच्या धंद्यात नव्हते असं नाही.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"मी विचारलं, लिफ्ट आहे का? सासूबाईंना गुडघ्याची तकलीफ आहे. तर म्हणाले, 'गिफ्ट वगैरे काही नाही, सगळा व्यवहार चोख.' दुसऱ्यांदा विचारलं, बघायला कधी येऊ? तर सगळी जाहिरातच वाचून दाखवली आणि फोन ठेवला. तिसऱ्यांदा माझा हा भाऊ बोलला, त्याच्याशीही तसंच. मग आम्ही म्हटलं, जाऊ दे, जिथे मर्जी नाही तिथे कशाला मागे लागायचं? आज इकडून जाताना पाटी दिसली, म्हणून म्हटलं एकदा तोंडावर विचारावं."

मी त्यांना लिफ्ट असल्याचं सांगितलं, सासूबाईंनाही आणता यावं म्हणून दिवाळीनंतरची वेळ ठरवली, आणि ते दोघं गेले. गिफ्ट. लिफ्टचं गिफ्ट झालं होतं.

त्या रविवारी मी काहीतरी कागद विसरल्याचं निमित्त करून गाळ्यावर गेले. बाबांनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे केली. फोन वाजला. घंटी त्यांना ऐकू येत होती. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला घट्ट दाबला, कपाळावर आठ्या घातल्या, थोडा वेळ थांबले. मग त्यांचा तो भरदार आवाज सुरू झाला, "कामोठे, चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाणी भरपूर, स्टेशनला रिक्षा मिळते." पलीकडून काहीतरी विचारल्याची बारीक कुरकुर मला इथपर्यंत ऐकू आली. बाबांनी "हो, हो, नक्की" म्हटलं आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं. मुद्दाम नव्हे, पण बोलताना माझी पाठ त्यांच्याकडे होती. उत्तर आलं नाही. मी वळून पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "एक गृहस्थ. चौकशी करत होते."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, म्हटलं.

"बाबा ऐकणार नाहीत," तो म्हणाला. आणि विषय तिथेच राहिला.

दिवाळी झाली. फराळाचे डबे अजून संपायचे होते. गाळ्यावर सकाळची वेळ होती, रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. बाबांनी स्वत:च विषय काढला.

"अगं, पेपर बंद करू या," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस तेच खरं. सगळे पैसे वेबसाइटला लाव."

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं! त्यांचा मान राहिला असता, माझं म्हणणंही खरं ठरलं असतं. रविवारचा फोन आपोआप बंद पडला असता आणि कुणाला काही बोलावंच लागलं नसतं. पण मोहल्ल्यातल्या त्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आणि बाबा यापुढे रविवारी करणार काय, हाही प्रश्न होताच.

मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले. "बाबा, पेपर बंद नको करायला. पेपरचे फोन येतात. पुष्कळ येतात. फक्त यापुढे ते मी घेईन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"कधी कळलं तुला?"

मी लिफ्ट आणि गिफ्टचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"त्या बाईला वाटलं, आपण तिला नाकारलं?"

"हो."

"अरेरे!" एवढंच म्हणाले. मग जरा हळू आवाजात बोलू लागले. "नोकरीची शेवटची वर्षंसुद्धा मी ड्रायव्हरचे ओठ बघून काम केलं. इतकी वर्षं गाड्यांच्या हॉर्नमध्ये उभा राहिलेला माणूस मी. वाटायचं, बोलता येतंय ना, मग चाललं. समोरचा समोर असला की समजतं गं. फोनमध्ये माणूस दिसत नाही, तिथे सगळं संपतं."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय? म्हातारा बहिरा झाला म्हणतील. बहिऱ्याकडे घर विकायला कोण देतं?"

मी वर्षाच्या जाहिरात खर्चाचा कागद पुढे घेतला. वेबसाइटवर आमची घरं यादीत वर दिसावीत म्हणून जे जास्तीचे पैसे मी धरले होते, त्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'कानाचं मशीन'.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "हा जाहिरातीचा खर्च?"

"गिऱ्हाईक काय विचारतं ते कळायला लागणारा खर्च," मी म्हटलं. "तो इथेच धरायचा."

"तुझ्या कारखान्यात असलं चालायचं का?"

"नाही. पण हा गाळा तुमचा आहे."

तेव्हा मात्र ते हसले.

मोहल्ल्यातल्या बाईंना फ्लॅट दाखवायला बाबा स्वत: गेले. मीही होते. जिन्यापाशीच त्यांनी हात जोडले. "माझ्या कानांचा दोष आहे बाई. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं," ते म्हणाले. बाईंनी घाईघाईने म्हटलं, "असं नका बोलू साहेब, आमचे अब्बाही असेच होते." लोडशेडिंगमुळे लिफ्ट नेमकी बंद होती. बाईंच्या सासूबाई खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि काका त्यांना सोबत म्हणून उभे राहिले. वरून खाली आलो तेव्हा दोघांचं बोलणं रंगात आलं होतं. इमारतीच्या जागी आधी काय होतं, ते काका हात लांब करून सांगत होते. "हितं भात व्हायचा, आन् थंय पल्याड खाडीचा पानी यायचा." सासूबाईंचं माहेर उरणकडचं, त्यांना खाडी, मिठागरं सगळं ठाऊक होतं. घर कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारायचंही त्या विसरल्या. थोड्या घासाघिशीनंतर सौदा ठरला.

मशीनने सगळं सुरळीत झालं असं नाही. फोन कानाला लावला की ते शिट्टी मारायचं. पंख्याचा आवाज, कागदाची सळसळ, समोरच्या दुकानातलं शटर, सगळंच एकदम अंगावर यायचं आणि बाबा वैतागून ते काढून खिशात टाकायचे. पण माणूस समोर बसला की आठवणीने घालायचे. रविवारचे फोन मी घेऊ लागले. मुलीला बरोबर आणायचे; ती कोपऱ्यात चित्रं रंगवायची. येणाऱ्यांना घरं दाखवायचं काम बाबांचं. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, कारण ते घाई करत नसत आणि घरातली ओल लपवत नसत.

त्या बाईंच्या नात्यातली आणखी दोन-तीन कुटुंबं पुढे आमच्याकडे आली. पुढच्या दिवाळीनंतर खर्च ठरवायला बसलो तेव्हा बाबांनी नवीनच काढलं. मोहल्ल्यात वाटायला उर्दूतून पत्रकं छापायची.

"त्यांना मराठी वाचता येतं की बाबा," मी म्हटलं. "उगाच दुप्पट छपाई."

"येतं गं. पण आपल्याला घर मिळेल का, ही शंका घेऊन माणूस येतो. पत्रक बघून ती शंका दारातच जाईल."

"आणि नाही आलं कोणी तर?"

"तर पुढच्या वर्षी काट मार. लेखणी तुझ्याकडेच आहे."

मी वेबसाइटचे पैसे कमी करायला तयार नव्हते, ते पेपरचे कमी करायला तयार नव्हते. चहा गार झाला. मी रागाच्या भरात पुटपुटले की म्हाताऱ्या माणसांना हट्ट फार, आणि बाबा लगेच म्हणाले, "ऐकू आलं मला."

पत्रकं छापली. मोहल्ल्यातून येणाऱ्यांना कुठून कळलं विचारलं की ते पत्रकाबरोबर त्या बाईंचंही नाव घ्यायचे. नुसती पत्रकं वाचून किती माणसं आली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.